तिसऱ्या वाळुंजाखालची नोंद

हनीफभाई, आज गुरुवार. सकाळी सहाला जाग आली आणि सवयीने पायात बूट चढवले. नाडी बांधून झाल्यावर आठवलं, आता खाली तुमचा हॉर्न वाजणार नाही. तसाच बुटांसकट पलंगावर बसून राहिलो. बायको चहा घेऊन आली. एरवी घरात बूट घातलेले दिसले तर ती घर डोक्यावर घेते. आज तिने बुटांकडे बघितलं, कप ठेवला आणि आत गेली.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. गल्लीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावलाय. त्यात तुम्ही कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस चापूनचोपून बसवलेले. हात कोपरापर्यंत काळे नसलेले हनीफभाई बघून मला दोन मिनिटं ओळखच पटली नाही. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे खूप आहेत, ते बोलतायत. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्धवट राहिलं. आणि त्या भांडणाच्या तळाशी एक गोष्ट आहे, ती मी चार वर्षं तुमच्यापासून लपवली. लपवली असं मला वाटत होतं, एवढंच म्हणतो.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. चौदा वर्षांपूर्वी मी सायलेन्सर फुटलेली गाडी ढकलत काळेवाडीला तुमच्या गॅरेजात आणली. तुम्ही गाडीकडे ढुंकून बघेनात. मागचं दार उघडं, दारामागे पवना, आणि नदीवरून गेलेल्या वायरीवर एक खंड्या बसलेला. मी म्हणालो, "भाई, मला शिफ्टला जायचंय." तुम्ही म्हणालात, "थांब जरा. मालक आलाय. त्याची हजेरी झाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही." मला वाटलं, माणूस सरकलेला दिसतोय. वीस मिनिटं आपण दोघं त्या पक्ष्याकडे बघत उभे, तुम्ही खुशीत आणि मी चरफडत. मग त्याने सूर मारला आणि चोचीत मासा धरून वर आला. माझ्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. तुम्ही लगेच वळलात. "हां. आता दाखव गाडी."

त्या दिवशी मला उशिराचा शेरा मिळाला. पुढच्या गुरुवारी मी गाडीला काही झालेलं नसताना तुमच्याकडे आलो.

आपल्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे गुरुवार ही गॅरेजवाल्यांची दिवाळी, सगळे कामगार त्याच दिवशी गाड्या घेऊन रांगेत. आणि तुम्ही नेमके गुरुवारी अकरा वाजेपर्यंत शटर खाली ठेवायचात. भाभी कपाळाला हात लावायच्या. "ढवळेभाऊ, तुम्ही तरी समजवा. गिऱ्हाईक दारात आणि हे बगळे मोजायला!" मी काय समजावणार, कप्पाळ! मी तर स्वतःच तुमच्याबरोबर निघालेला असायचो.

रजिस्टरची कल्पना मात्र माझी. मी महाळुंग्याच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला. ब्रेकचे सुटे भाग एकेक करून हातात घ्यायचे, चरा आहे का, भेग आहे का, कडेला धातूची धार सुटलीय का ते बघायचं, मग पास किंवा रिजेक्ट. आमच्याकडे कुठल्याही कागदावर दोन सह्या लागतात, एक पाहणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. एका सहीचा कागद रद्दीत. मी एक जाड बांधणीचं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले. तारीख, काय दिसलं, कुठे दिसलं, पहिली सही, दुसरी सही, शेरा. तुम्ही हसून हसून बेजार झालात. "पक्ष्यांना पण क्वालिटी लावणार का तू?" मी म्हणालो, "दोघांनी बघितलं तरच नोंद. एकट्याने बघितलेलं मोजायचं नाही. नाहीतर कोणीही उठेल आणि वाघ बघितला म्हणेल." तुम्ही म्हणालात, "बरं, इन्स्पेक्टरसाहेब." त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं तेच नाव बसलं.

पहिली नोंद खंड्याची. दोन सह्या, शेरा: मालक हजर.

काय काय बघितलं हो आपण! टिबुकल्या, पाणकावळे, शेपटी हलवत दगडांवरून फिरणारे धोबी. शेकाट्याला तुम्ही लंबूटांग म्हणायचात आणि रजिस्टरमध्येही तेच लिहायला लावायचात. कधी पवनेला, कधी इंद्रायणीला, महाळुंग्यावरून खाली उतरून त्या जुन्या बंधाऱ्यापाशी. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे काही दिवस पांढरा फेस साचलेला असायचा, गुडघाभर. त्या दिवशी तुम्ही बोलायचा नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "ढवळे, आपण दोघं कंपन्यांचंच खातो. म्हणून निदान बघायला तरी यायचं. तोंड फिरवायचं नाही." मला तेव्हा ते बोलणं जरा जड वाटलं होतं. आता पटतं.

आता ती गोष्ट. चार हिवाळ्यांपूर्वीची.

बंधाऱ्याच्या पलीकडच्या काठावर विजेचा मोठा टॉवर आहे. तुम्ही एकदम माझा दंड धरलात. "ढवळे! टॉवरवर. वरून दुसऱ्या आडव्या पट्टीवर. मासेमार गरुड!" हा पक्षी थंडीत कुठल्या कुठून येतो, दहा वर्षं तुम्ही त्याची वाट बघत होतात. मी बघितलं. मला टॉवर दिसला, तोसुद्धा कडा विरघळलेला. पट्टी होती की नव्हती देव जाणे. पक्षी तर नाहीच.

त्याआधी वर्षभरापासून माझ्या डोळ्यांपुढे साय धरल्यासारखं होत होतं. साखरेचा आजार होताच. मला कळत होतं हनीफभाई, मी काही दुधखुळा नव्हतो. पण आमच्या टेबलावर वर्षातून एकदा डोळे तपासतात, आणि ज्याचे डोळे गेले त्याला टेबलावरून उठवतात. मी उठलो असतो तर काय उरलो असतो? बावीस वर्षं सगळा कारखाना "ढवळ्यांनी बघितलंय ना, मग झालं" म्हणत होता. म्हणून मी तपासणीच्या रांगेत मागे उभं राहून पुढच्यांची अक्षरं ऐकायचो आणि तक्त्याची खालची ओळ पाठ करून टाकायचो. टेबलावर दिव्याचं मोठं भिंग होतं, त्यावर भागवायचो. सुटलेली धार नखाने चाचपायचो. लाज वाटते लिहायला. तुमच्यासारखे मेकॅनिक तेच पार्ट लोकांच्या गाडीला बसवत होते.

तर मी तुम्हाला म्हणालो, "हो हो, दिसला की! केवढा आहे!"

तुम्ही विचारलंत, "पायात मासा आहे, दिसला?"

मी म्हणालो, "हो, मासा आहे. चांगला मोठा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आनंदाने बघताय. परत आल्यावर मी रजिस्टरमध्ये झोकात नोंद केली, मासेमार गरुड, इंद्रायणी, पलीकडचा टॉवर. तुम्ही सही केलीत, मी सही केली. तुम्ही रजिस्टर ठेवून घेतलंत आणि आपण चहा प्यायलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन सह्यांचा नियम काढणारा मी, आणि त्या रजिस्टरमधली पहिली खोटी सही माझी.

त्यानंतर तुम्हाला झाडांचं वेड लागलं, असं मी समजत होतो. "पक्षी काय, उडून जातात. झाड कुठे पळत नाही," असं म्हणून तुम्ही मला काठाकाठाने वाकायला लावायला लागलात. बंधाऱ्याखाली ओळीने उभी असलेली वाळुंजाची झाडं तुम्ही मला पानाला पान लावून ओळखायला शिकवलीत. निर्गुडीचं पान चुरगाळून नाकाशी धरलंत. लव्हाळा, पाणकणीस, पाण्यात पाय सोडून बसलेलं शेरणीचं झुडूप, खेकड्याची बिळं, शिंपले. एकदा सब्जा दाखवलात आणि म्हणालात, "तुमची तुळस आणि आमचा सब्जा, चुलत बहिणी आहेत. हुंगून बघ." मी म्हणालो, "तुळस ती तुळस." त्यावर आपण काळेवाडी येईपर्यंत भांडलो. ते भांडण मजेचं होतं.

मग हा यंदाचा पावसाळा सरला आणि ते पाणमांजर आलं.

त्या गुरुवारी मला ओव्हरटाइम होता, तुम्ही एकटे गेलात. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलो तर स्टॉपवर तुम्ही उभे. चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि चेहरा असा की नवस फेडून आलाय. "ढवळे, पाणमांजर! बंधाऱ्याच्या खाली, तिसऱ्या वाळुंजाखाली. दगडावर बसून मासा खात होतं, दोन्ही हातांत धरून, आपण कणीस खातो तसं. माझ्याकडे बघितलं रे त्याने!" तुम्ही रजिस्टर सोबतच आणलं होतं. रस्त्यातच उघडलंत. नोंद लिहिलेली, तुमची सही केलेली. दुसऱ्या सहीच्या रकान्यावर तुम्ही बोट ठेवलंत.

मी म्हणालो, "मी कुठे बघितलंय?"

"माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवशाचा प्रश्न नाही. नियम म्हणजे नियम."

तुम्ही हसलात. "बरोबर आहे. मग चल पुढच्या गुरुवारी. माझ्याशेजारी बस. येईल ते परत."

मला तिथे बसायचंच नव्हतं. पाणमांजर डोकं वर काढतं आणि दोन श्वासांत गडप होतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही दंड धरून "ते बघ" म्हणणार, आणि मी पुन्हा काय म्हणणार? पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं बोलायची त्याहून नव्हती. म्हणून पहिल्या गुरुवारी ओव्हरटाइम सांगितला. दुसऱ्या गुरुवारी पाहुणे. तिसऱ्या गुरुवारी गुडघा. चांगला ठणठणीत गुडघा माझा, त्या दिवशी घरात लंगडत फिरलो, बायकोला संशय नको म्हणून. तुम्ही दर वेळी म्हणालात, "बरं, पुढच्या गुरुवारी."

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, मीच गॅरेजवर आलो. तुम्ही एका गाडीचं चाक उतरवून ब्रेक बसवत होतात. मान वर न करता म्हणालात, "ढवळे, एकदा डोळे दाखवून घे ना. माझ्या ओळखीचा एक चांगला डॉक्टर आहे."

चोराच्या मनात चांदणं. मी उसळलो. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुमचं पाणमांजर मी कबूल करत नाही म्हणून माझे डोळे खराब? हनीफभाई, तुम्हाला काय दिसलं असेल ते असेल. घूस असेल, कुत्र्याचं पिल्लू असेल. न बघता सही करणारा माणूस मी नाही!"

काय बोललो हो मी हे! गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती बघायला लागली. तुम्ही उठलात. सुती चिंध्यांनी हात पुसलेत, एकेक बोट करून. आणि म्हणालात, "बरं."

एवढंच. त्या "बरं"मध्ये राग नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून मी जास्तच चिडून निघून आलो. गुरुवारी तुमचा हॉर्न खाली वाजला. एकदा, मग थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. मी खिडकीशी गेलो नाही. रविवारी सकाळी तुमच्या लेकीचा, नजमाचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. मी विचारत राहिलो, "कुठल्या दवाखान्यात? कुठल्या दवाखान्यात?" आणि ती म्हणाली, "अंकल, घरी आणलंय."

कब्रस्तानात मला कोणीतरी पुढे केलं. तीन मुठी माती टाकायची असते हे तुमच्या भावाने हळूच सांगितलं. माती ओली होती, हाताला चिकटली. नंतर एकाने उशाशी सब्जाचं रोप लावलं, आणि माणसं पांगल्यावर मी वाकून एक पान चुरगाळलं. हुंगलं. तुमचं बरोबर होतं हनीफभाई, चुलत बहिणीच. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणालो असतो तर तुम्ही आठवडाभर गल्लीत सांगत सुटला असतात.

गेल्या रविवारी नजमा घरी आली. गॅरेज आवरायला काढलंय म्हणाली. पिशवीतून तिने रजिस्टर काढलं, ऑइलचे डाग पडलेलं. "पाने-पक्कडीच्या ड्रॉवरमध्ये होतं. अम्मी म्हणाली, हे ढवळेभाऊंचंच आहे." मी विचारलं, शेवटच्या गुरुवारी अब्बू नदीवर गेले होते का? ती म्हणाली, "गेले होते ना. पण लवकर परत आले. म्हणाले, एकट्याला मजा येत नाही."

मंगळवारी मी ते कंपनीत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरलं. घरी मला तुमचं बारीक अक्षर लागत नाही. सव्वीस वर्षं मी त्या भिंगाखाली लोखंड बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा कागद बघितला.

गरुडाचं पान काढलं. नोंद माझ्या अक्षरात. दोन सह्या. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो मी तेव्हा मोकळा सोडला होता, तुमच्या अक्षरात दोन शब्द: पंजे रिकामे.

मासा नव्हताच, हनीफभाई. तुम्ही मुद्दाम विचारलं होतंत. आणि मी म्हणालो होतो, चांगला मोठा.

मग मी, माझ्या धंद्याच्या सवयीने, पानं एकापाठोपाठ लावून बघायला लागलो. आमच्याकडे एका नोंदीवरून काही ठरवत नाहीत, पुढच्या-मागच्या नोंदी ताडून बघतात, कल कुठे चाललाय ते. गरुडाच्या आधी सगळे पक्षी, लांबचे, पलीकडच्या काठाचे, आभाळातले. गरुडानंतर, शेवटचं पाणमांजर सोडलं तर, एकसुद्धा लांबची नोंद नाही. वाळुंज, निर्गुडी, शिंपला, खेकड्याचं बीळ, बेडकाची अंडी. सगळं हाताच्या अंतरावरचं. चार वर्षं तुम्ही मला फक्त तेच दाखवलंत जे मला दिसू शकत होतं. गरुडाआधीचं अक्षर माझं, नंतरचं तुमचं. "आण, मी लिहितो, तुझ्या अक्षरात फार ऐट असते," असं म्हणून तुम्ही रजिस्टर ओढून घेतलं होतंत आणि मग मी सही कुठे करायची तिथे बोट ठेवायचात. गाडीसुद्धा तेव्हापासूनच तुमची. "तुझी गाडी आवाज करते, पक्षी उडतात." पक्षी! बघायचं होतं झाड आणि उडायचे म्हणे पक्षी. मला तेव्हा का कळलं नाही? सुपरवायझरने विचारलं, "ढवळे, काय झालं?" मी म्हणालो, डोळ्यात कचरा गेलाय.

मला तुमचा राग आला. खरं सांगतो, आला. चार वर्षं माहीत होतं तर थोबाडीत का मारली नाहीत? मग वाटलं, मारलीच होती की, त्या बुधवारी, तुमच्या पद्धतीने. तुम्ही माझी लाज चार वर्षं झाकून ठेवलीत आणि शेवटी एकदाच हळूच विचारलंत, तर मी तुमच्या पाणमांजराला घूस म्हणालो. आणि ती सही तुम्हाला का हवी होती, तेही आता कुठे कळतंय. तुम्ही आयुष्यात बघितलेली सगळ्यात मोठी गोष्ट तेवढी एकच अशी होती की जी आपल्या दोघांची झाली नव्हती.

म्हणून आज चहा झाल्यावर बूट न काढताच निघालो. दोन रिक्षा बदलून महाळुंगं, तिथून पायी बंधारा. तिसऱ्या वाळुंजाखाली तुमचा तो सपाट दगड, त्यावर बसलो. फेस कमी होता आज. पाण्याचा आवाज येत होता, आणि समोर सगळं चकाकणारं, कडा नसलेलं.

थोड्या वेळाने एक म्हातारी म्हशी घेऊन आली. गावातलीच. "काय हरावलंय का रं?"

मी म्हणालो, "नाही मावशी. इथे पाणमांजर आहे का, बघायला आलोय."

"पानमांजर व्हय! आमी ल्हान व्हतो तवा लई व्हती. जाळी फाडायची मेली. आता न्हाई दिसत." ती शेजारी टेकली. म्हशी पाण्यात उतरल्या. मग ती एकदम पुढे झुकली. "आगं बया! ते बघ, ते काय हललं? त्या दगडाम्होरं. मुंडकं दिसतंय बघ!"

मी बघितलं. जीव डोळ्यांत आणून बघितलं. उजेड होता नुसता.

"दिसलं न्हवं?" तिने विचारलं.

"हो" म्हणणं किती सोपं होतं, हनीफभाई. जिभेवर आलंच होतं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "मला दिसत नाही."

"म्हंजी?"

"डोळ्यांनी नीट दिसत नाही. चार-पाच वर्षं झाली."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, आणि तेही नाव-गाव माहीत नसलेल्या बाईला. तुम्हाला सांगायचं होतं ते. मला रडू फुटलं, आवरेना. म्हातारी गोंधळून गेली. "आरं, रडतुस कशापाय? डागदराला दाखव की. हितं बसून का व्हनार हाय?" मी नाक पुसून विचारलं, "काय होतं ते?" ती म्हणाली, "कोन जाने. बुडालं. घूस न्हवती येवढं खरं."

तिथूनच सुपरवायझरला फोन केला. सगळं सांगितलं, तक्ता पाठ करण्यासकट. मला टेबलावर बसवू नका आणि माझ्या हातून गेलेला माल पुन्हा तपासून घ्या, म्हणालो. मग तो म्हणाला, उद्या ये, बोलू. काय होईल माहीत नाही. स्टोअरला पाठवतील, नाहीतर घरी बसवतील. दुपारी बायकोला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, साखर आटोक्यात आली की डावा डोळा आधी, मग उजवा. बायको रिक्षात बसल्यावर जे बोलली ते इथे लिहीत नाही. तुम्ही असतात तर तिच्या बाजूने बोलला असतात.

आता रजिस्टर समोर आहे. बायकोने दिवा जवळ ओढून दिलाय आणि मागे उभी आहे.

पाणमांजराच्या ओळीत दुसऱ्या सहीचा रकाना मोकळा ठेवलाय. वाटलं होतं, करून टाकावी सही, तुमच्यासाठी. पेनही टेकवलं होतं. पण तुम्हाला ती चालली नसती. डोळे झाले की दर गुरुवारी त्या दगडावर जाऊन बसणार आहे. दिसलं तर सही, नाही दिसलं तर रकाना तसाच.

मग मागे जाऊन गरुडाचं पान काढलं. आमच्याकडे चुकलेली सही खोडरबराने पुसत नाहीत, खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी खरं काय ते लिहायचं. तशी माझ्या सहीवर रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या "पंजे रिकामे"च्या खाली थोडी जागा होती. बायकोने माझं बोट तिथे नेऊन ठेवलं, आणि मी लिहिलं: मला दिसला नव्हता. ढवळे.